बेअर माउंटनची दगडी वाट : स्वयंसेवकांच्या बारा वर्षांचा हिशेब

न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाने उत्तरेला सत्तर-ऐंशी किलोमीटर गेलं की बेअर माउंटन लागतो. उंची १,२८९ फूट. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हा आकडा सांगितला तर तो हसेल. पण पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे; हडसनला इथेही भरती-ओहोटी असते. त्यामुळे चढ खराखुरा आहे, आणि गर्दी त्याहून खरी. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या भरभरून लोक येतात. त्यात न्यूजर्सीतली मराठी कुटुंबंही असतात. खाली तळं, हिरवळ, जुनं दगडी हॉटेल. वर १९३४ साली बांधलेला पर्किन्स मनोरा, आणि तिथपर्यंत डांबरी रस्ता. सिंहगडाला जसं कोणी गाडीने वर जातं आणि कोणी आतकरवाडीहून चढतं, तसाच हा मामला.

या डोंगरावरून अ‍ॅपलाचियन ट्रेल जाते. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. तिचा सर्वांत पहिला तुकडा १९२३ मध्ये इथेच, बेअर माउंटन ते आर्डन असा खुला झाला. सर्वांत सखल जागाही इथलीच. पायथ्याशी ही वाट एका छोट्या प्राणिसंग्रहालयातून जाते, तिथली उंची १२४ फूट. हजारो मैल जंगल तुडवत आलेल्या माणसाला इथे पिंजऱ्यातलं अस्वल बघायला मिळतं, हा विनोद तिथले लोक आवडीने सांगतात.

एकविसावं शतक उजाडेपर्यंत या मानाच्या तुकड्याची दशा झाली होती. माती वाहून गेली होती, मुळं उघडी पडली होती, सुटे दगड पायाखाली घरंगळत होते. चिखल दिसला की माणूस कडेने जातो. मग ती कडही चिखलाची होते, पुढचा आणखी कडेने जातो. अशी वाट रुंदावत गेली आणि मधोमध पावसाळी ओघळ तयार झाला. दुरुस्तीची जबाबदारी होती न्यूयॉर्क-न्यूजर्सी ट्रेल कॉन्फरन्स या स्वयंसेवी संस्थेवर. संस्थेने २००६ मध्ये काम सुरू केलं, २०१० मध्ये पहिला मोठा टप्पा खुला केला आणि २०१८ मध्ये काम पुरं केलं. एका बसक्या डोंगरावरच्या एका वाटेसाठी बारा वर्षं. इतका वेळ का लागला आणि तो सार्थकी लागला का, हा या अभ्यासाचा विषय.

आधी कोण, कधी

बेअर माउंटन आज उद्यान आहे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्याला इथे तुरुंग हवा होता. प्रसिद्ध सिंग सिंग तुरुंग इथे हलवायची तयारी चालली होती. विरोध झाला, आणि १९१० मध्ये रेल्वेसम्राट हॅरिमन यांच्या विधवा मेरी हॅरिमन यांनी दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर देऊन तो बेत मोडला. जमीन पॅलिसेड्स इंटरस्टेट पार्क कमिशन या उद्यानं चालवणाऱ्या सरकारी मंडळाकडे आली. कमिशनचे मुख्य अधिकारी विल्यम वेल्श यांच्यापुढे प्रश्न होता, एवढ्या जंगलात वाटा पाडायच्या कोणी? सरकारी पैसा रस्ते आणि तळी यांवर जात होता. शहरात गिर्यारोहणाचे डझनभर क्लब होते, एकमेकांशी फारसा संबंध नसलेले. १९२० मध्ये त्यांची एक बैठक झाली आणि ट्रेल कॉन्फरन्स जन्माला आली. बैठकीची जागा मजेशीर होती: अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिचच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानावरची लाकडी खोली. आज हे नाव कपड्यांचं आहे. तेव्हा तिथे बंदुका, तंबू आणि गळ मिळायचे.

पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, बेंटन मकाय यांनी अमेरिकन वास्तुविशारदांच्या नियतकालिकात अ‍ॅपलाचियन ट्रेलची कल्पना मांडली. कल्पना कागदावर होती; हात कॉन्फरन्सकडे होते. रेमंड टॉरी हे न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात भटकंतीवर सदर लिहीत. रविवारी कुठे काम आहे, हे वाचकांना त्यातून कळे आणि लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन हजर होत. दोन वर्षांत पहिला तुकडा तयार.

त्या काळच्या वाटा बहुतेक ठिकाणी सरळ वर जायच्या. माथा दिसतोय, झाडी कापा, वाट दाखवणारे रंगाचे पट्टे झाडांवर मारा, चला. दिवसाला पाच-पंचवीस माणसं जाणार असतील तर हे चालून जातं. लाखो लोक यायला लागले की तीच वाट पन्हळीसारखी वागते. डोंगर बिघडवला तो आळशी किंवा बेफिकीर लोकांनी नव्हे. उत्साहाने, प्रेमाने, सुट्टीच्या दिवशी घाम गाळणाऱ्यांनी पाडलेली वाटच ऐंशी वर्षांच्या गर्दीला पुरी पडली नाही. म्हणून २००६ मध्ये पुन्हा नुसता उत्साह गोळा करून भागणार नव्हतं.

पाणी कुठे जाणार?

वाट बांधणाऱ्यांचा पहिला प्रश्न माणूस कुठून जाणार हा नसतो. पाणी कुठून जाणार हा असतो. त्यांचा एक साधा नियम आहे: वाटेचा चढ हा डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगराचा उतार तीस टक्के असेल तर वाट पंधरा टक्क्यांच्या आत हवी. आणि एकूण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. यापेक्षा चढ वाढला की पाण्याला वाट ओलांडून पलीकडे उतरण्यापेक्षा वाटेवरूनच धावणं सोपं जातं. मग माती त्याच्याबरोबर निघते. त्यात न्यूयॉर्कचा हिवाळा. मातीत मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं. वसंतात तीच भुसभुशीत माती पहिल्या पावसाला वाहून जाते.

वाटेला दरीकडे किंचित कल द्यायचा, ठरावीक अंतरावर वाट जरा खाली घेऊन पुन्हा वर काढायची, म्हणजे पाणी त्या खळग्यातून बाहेर पडतं. हे सगळं स्वस्तात होतं, पण आखणी करतानाच. चुकीच्या जागी पडलेल्या वाटेवर आडवे ओंडके टाकून पाणी अडवायचा उपाय अनेक ठिकाणी करतात. दोन-तीन पावसाळ्यांत त्यामागे गाळ भरतो आणि पाणी ओंडक्यावरून उडी मारून खालची माती खणायला लागतं.

बेअर माउंटनवर डागडुजी करत राहणं शक्य होतं. वाट बंद करून डांबरी रस्त्याच्या कडेने लोकांना नेणंही शक्य होतं. दोन्ही नाकारलं गेलं, आणि माझ्या मते योग्य कारणाने. अ‍ॅपलाचियन ट्रेलचा पहिला तुकडा मोटाररस्त्याच्या पट्टीवर नेणं हा पराभव झाला असता. डागडुजीत स्वयंसेवकांची पिढी खपली असती. ठरलं ते असं: वाट नव्याने आखायची, जिथे चढ टाळता येत नाही तिथे दगडी पायऱ्या, आणि उरलेल्या भागात डोंगराच्या पोटातून जाणारी, दगडी बांधावर पेललेली रुंद वाट. जुने ओघळ बंद करायचे, झाडोऱ्याला परत द्यायचे.

दगड

हडसनच्या या डोंगररांगेतला खडक ग्रॅनाइट आणि नीस, शंभर कोटी वर्षांहून जुना. पायऱ्यांचा दगड बाहेरून आणायचा नव्हता; डोंगरावर पडलेल्या धोंड्यांतूनच घडवायचा होता. एकेका पायरीचं वजन साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलो. एवढं जड कशाला? कारण हलका दगड हजारो पायांनी आणि गोठणाऱ्या जमिनीने हलतो. जड दगड आपल्याच वजनाने बसतो, सिमेंट लागत नाही.

धोंडा फोडायची रीत आपल्या पाथरवटांनाही परकी वाटणार नाही. एका रेषेत भोकं पाडायची, प्रत्येक भोकात दोन पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर, मग घणाने ओळीने एकेक ठोका. एकाच पाचरीवर जोर काढायचा नाही. ठोक्यांचा आवाज चढत जातो. कान तयार झालेला माणूस तो ऐकून थांबतो, दगडाला ताण पसरायला वेळ देतो, आणि मग दगड रेषेवर उकलतो. भोकं पाडायला जनित्रावर चालणारं ड्रिल होतं; पुढचं काम छिन्नी-हातोड्याचं.

घडवलेला दगड जागेवर न्यायचा कसा? जमिनीवरून ओढला तर ज्या मातीसाठी खटाटोप, तीच उकरली जाते. म्हणून झाडांच्या मध्ये जाड पोलादी दोर ताणायचा. सालीला इजा नको म्हणून खोडाला लाकडी पट्ट्या बांधायच्या. हाताने चालवायच्या विंचने (दोर खेचणाऱ्या यंत्राने) दगड उचलून अधांतरी सरकवायचा. खाली कोणी उभं राहायचं नाही, दोराच्या कोनात कोणी यायचं नाही, आणि हुकूम एकाच माणसाचा. जागेवर आल्यावर पहारीने, इंचाइंचाने दगड बसवायचा. वरच्या पायरीची पुढची कड खालच्या पायरीच्या मागच्या भागावर टेकते, म्हणून काम खालून वर जातं आणि खालची एक पायरी हलली तर वरच्या सगळ्यांना त्रास. पाठीमागे फोडलेल्या खडीचा भराव, ठोकून घट्ट केलेला. माती भरायची नाही. माती पाणी धरते आणि गोठते.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ओबडधोबड मोठे धोंडे ठेवतात. बघणाऱ्याला ती सजावट वाटते. खरं तर ती वागणुकीची तजवीज आहे: उतरताना माणूस पायरी टाळून कडेच्या मातीवरून जातो आणि महिन्याभरात समांतर वाट पाडतो. धोंडे आड आले की त्याला पायरी सोयीची वाटते. ‘कृपया पायवाट सोडू नका’ अशा शंभर पाट्यांपेक्षा हे काम करतं.

एका पायरीला टोळीचा अख्खा दिवस जाणं नवलाचं नव्हतं. २०१० मध्ये खुल्या झालेल्या टप्प्यात अशा सुमारे आठशे पायऱ्या होत्या. पुढच्या टप्प्यांत संख्या हजाराच्या वर गेली. कोकणातला गडगा रचणाऱ्याला ओळखीचे वाटावेत असे कोरड्या रचाईचे बांध, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, मागे किंचित झुकवून उचललेले, मैलभराहून जास्त लांबीच्या वाटेला आधार देतात. माथ्याजवळचा काही भाग चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल असा केला आहे.

स्वयंसेवक फुकट नसतो

या प्रकरणाकडे ‘लोकांनी श्रमदानातून उभारलं’ म्हणून पाहणारे अर्धंच बघतात. साडेचारशे किलोचा दगड डोक्यावरून नेणारा दोर नवख्या माणसाच्या हातात देता येत नाही. कॉन्फरन्सने पगारी व्यावसायिक वाटबांधणीकार नेमले. त्यांचं काम दुहेरी: वाट आखायची, आणि स्वयंसेवकांना शिकवायचं. दगड फोडण्याचे, बांध रचण्याचे, दोर बांधण्याचे वेगवेगळे वर्ग घेतले गेले. पुढे अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवायोजनेतून मानधनावर आलेली तरुण मुलंही टोळ्यांत आली. पायथ्याशी उघड्यावरचं प्रदर्शन मांडलं गेलं, पायरी कशी बसते आणि बांध कसा उभा राहतो हे चालत चालत बघता यावं म्हणून.

हिशोबी माणूस इथे विचारेल, मग ठेकेदारच का नाही? ठेकेदाराने काम निश्चित लवकर केलं असतं. पण तो निघून गेला असता. कॉन्फरन्सकडे दोन्ही राज्यांत मिळून दोन हजार मैलांहून जास्त वाटा आहेत, आणि त्या सांभाळायला दगड ओळखणारी माणसं लागतात. बेअर माउंटन ही त्यांची शाळा झाली. हा युक्तिवाद मला पटतो, पण त्याला एक अट आहे: शिकलेला माणूस टिकला पाहिजे. जो एकदाच आला, फोटो काढून गेला, त्याच्यावरचा शिकवण्याचा खर्च वायाच.

कागदी व्यवस्था तर याहून कमी लोकांना दिसते. १९६८ च्या कायद्याने अ‍ॅपलाचियन ट्रेलला राष्ट्रीय दर्जा मिळाला. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने तिच्या दैनंदिन सांभाळाची जबाबदारी करार करून अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्फरन्सकडे, म्हणजे एका बिगरसरकारी संस्थेकडे सोपवली. (संस्थेचं नाव पुढे कॉन्झर्व्हन्सी झालं, न्यूयॉर्क-न्यूजर्सीची कॉन्फरन्स वेगळी.) तिच्या खाली स्थानिक क्लब, तीसेक; न्यूयॉर्क-न्यूजर्सीची कॉन्फरन्स त्यांतलीच एक. बेअर माउंटनवर जमीन राज्याची, कारभार पार्क कमिशनचा, वाट राष्ट्रीय, हात क्लबचे. प्रत्येक बदलाला यांतल्या अनेकांची संमती. याचा कंटाळा येतो, पण बदल्यात मिळतं काय ते बघा: केंद्रीय योजनेखाली नोंदलेला स्वयंसेवक कामावर जखमी झाला तर भरपाईपुरता तो सरकारी कर्मचाऱ्यासारखा धरला जातो. यांत्रिक करवत चालवायची तर प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम लागतो. नसेल तर साध्या करवतीने काम करा. आणि प्रत्येक तासाची नोंद. ही नोंद शिस्तीपुरती नाही. अनुदान मागताना संस्थेने स्वतःचा वाटा दाखवायचा असतो, आणि स्वयंसेवकांच्या तासांची किंमत त्या वाट्यात धरली जाते. जो स्वयंसेवक तास लिहून देत नाही, तो नकळत संस्थेचे पैसे बुडवतो.

आक्षेप

पायऱ्यांवर टीका झाली नसती तरच आश्चर्य. डोंगरात जिना कशाला, हा पहिला सूर. यावर माझं मत स्पष्ट आहे. जिथे माथ्यावर वाहनतळ आहे आणि पायथ्याशी हॉटेल आहे, तिथे रानटीपणा पायऱ्यांनी घालवला असं म्हणणं ढोंग आहे. पायरी नसती तर तिथे निसर्ग नसता, ओघळ असता. दुसरा सूर गुडघ्यांचा. तो खरा आहे. पायरी प्रत्येकाला एकाच मापाचं पाऊल टाकायला लावते. ठेंगण्या माणसाला, म्हाताऱ्याला, लहान मुलाला ते जड जातं. म्हणूनच पायऱ्या फक्त अटळ चढावर आणि बाकी वाट सौम्य, हा मेळ महत्त्वाचा होता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि त्याचं उत्तर सोपं नाही. एका डोंगरावर बारा वर्षांचं लक्ष आणि पैसा ओतला, तेव्हा बाकीच्या दोन हजार मैलांचं काय? तिथेही ओघळ आहेत, फक्त तिथे देणगीदार आणि वार्ताहर येत नाहीत. गर्दी आहे तिथेच टिकाऊ काम करावं, हे तर्काला धरून आहे. पण देखण्या कामाकडे माणसं आपोआप ओढली जातात आणि गटारं उपसायला कोणी मिळत नाही, हेही तितकंच खरं. कॉन्फरन्सकडे यावर जुनी पद्धत आहे. वाटेचे छोटे तुकडे एकेका माणसाला किंवा कुटुंबाला दत्तक दिलेले असतात. त्याने वर्षातून काही फेऱ्या मारायच्या, पाण्याचे खळगे मोकळे करायचे, फांद्या छाटायच्या, पडलेली झाडं कळवायची, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे पुन्हा रंगवायचे आणि अहवाल द्यायचा. यात छायाचित्राजोगं काही नाही, पण वाटा यावरच चालतात.

सह्याद्रीतून बघताना

आपल्याकडे दर रविवारी दुर्गसंवर्धनाची मंडळं गडांवर श्रमदान करतात. टाकी उपसतात, झाडोरा काढतात, कचरा खाली आणतात. गडाच्या वाटेकडे मात्र कमी लक्ष जातं, आणि गेलंच तर सिमेंटच्या पायऱ्या किंवा लोखंडी कठडा, एवढीच कल्पना सुचते. नाणेघाटातून उतरताना जुनी दगडी फरसबंदी पायाखाली येते. तीही सिमेंटशिवायच टिकली आहे. ज्ञान परकं नाही.

अडचणी मात्र वेगळ्या आहेत. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. बेअर माउंटनचा पाऊस त्याच्या पाव भागाच्या आसपास आणि वर्षभर विखुरलेला. म्हणजे चढाचा तो निम्म्याचा नियम इथे आणखी कडक हवा. दुसरं, संरक्षित गडावर १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली, किंवा राज्याच्या कायद्याखाली, परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपण ‘नीट रचलेला’ दगड कदाचित जुन्या जोत्याचा असतो. पण पायथ्याच्या गावापासून तटापर्यंतची वाट बहुतेकदा वनजमिनीवरून जाते. तिथे बोलायचं ते वनखात्याशी आणि गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीशी. तटाच्या आतलं काम आणि बाहेरची वाट ही दोन वेगळी कामं, वेगळी परवानगी, वेगळं कौशल्य, असं आधीच मांडलं तर मंडळांची निम्मी अडवणूक टळेल असं मला वाटतं. शिवाय दगड घडवणारे पाथरवट आणि बांध रचणारे शेतकरी याच खोऱ्यांत राहतात. त्यांना शिक्षक म्हणून रोज देऊन बोलावलं, तर शहरातून आलेल्या चाळीस जणांचा रविवार कारणी लागेल.

२०१८ नंतर

काम पुरं झालं म्हणजे संपलं नाही. जुलै २०२३ मध्ये याच भागात अतिवृष्टी झाली. रस्ते वाहून गेले, बेअर माउंटन आणि शेजारचं हॅरिमन उद्यान बंद करावं लागलं. वाटांची पाहणी करायला लागणारी माणसं आधीपासून तयार होती: कुठला तुकडा कोणाकडे, कुठे कोणता बांध, याची नोंद होती. कुठे पूल गेला, कुठे वाट खचली, कोणता भाग आधी उघडता येईल, हे पार्क कर्मचारी आणि स्वयंसेवक मिळून तपासत गेले आणि वाटा टप्प्याटप्प्याने उघडल्या.

न्यूजर्सी-न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या आणि गडांची आठवण काढणाऱ्या मराठी मंडळींना यात शिरायला अनुभवाची अट नाही. टोळ्यांचे कामाचे दिवस ऋतूनुसार जाहीर होतात, हेल्मेट आणि हत्यारं संस्था देते, बूट आणि पाणी आपलं. पहिल्या दिवशी बहुधा खडी फोडायलाच बसवतात.